सिरिंजवरची रेघ

हे मी घरी बोलले नाही, डॉक्टरांजवळ तर नाहीच. सात वर्षं झाली. तुम्हाला तरी का सांगतेय — कोण जाणे.

लालबागला मुलांच्या डॉक्टरांकडे मी कामाला आहे. मूल आलं की त्याचं वजन करायचं, केसपेपरवर लिहायचं. वजन बघूनच डॉक्टर औषध किती एमएल ते ठरवतात. मग सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्यायची — तेही माझंच काम. मी भारी तोरा मिरवायचे हो. मुलाला नुसतं उचललं तरी किलो सांगते म्हणायचे!

त्या आठवड्यात वजनकाट्याचे सेल संपले होते. आणायला मलाच सांगितलं होतं. आज आणू, उद्या आणू — चार दिवस गेले. त्यात तन्वीला घेऊन तिची आजी आली. पोर साडेपाच वर्षांची, दम्याची, धापा टाकत आजीच्या गळ्याला घट्ट धरून बसलेली. बाहेर ही गर्दी. मी तिला उचललंसुद्धा नाही. जुना पेपर काढला, त्यावरचे तेरा किलो उतरवले. त्यावरून ठरलेल्या डोसची रेघ सिरिंजवर मारून आजीला दिली. तो पेपर दीड वर्षापूर्वीचा होता. मला दिसलं नाही का? दिसलं होतं.

तिसऱ्या दिवशी तन्वीला ॲडमिट केलं. औषध कमी पडलं होतं. बरी होऊन आली तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर वजन होतं अठरा. तो कागद मी फाईलच्या तळाशी घातला.

तिची आई वैशाली पहाटे कामाला जायची, म्हणून सकाळचं औषध आजी द्यायची. डॉक्टर रागावले, डोस नीट दिला नाही म्हणाले. वैशालीने सगळ्यांसमोर सासूकडे असं बघितलं — मी खाली मान घालून पेपर लावत बसले.

इथवर भित्रेपणा म्हणा. पुढचं काय म्हणाल?

दोन दिवसांनी आजी एकटीच आली, ती सिरिंज पदराच्या टोकात बांधून. गाठ सोडून माझ्यासमोर धरली. "बाये, मी बरोबर मोजूनच दिलंय गो. तू तरी सांग तिका."

आणि मी म्हणाले, "आजी, वय झालं की होतं असं."

तिने सिरिंज परत पदरात बांधली, गेली.

त्यानंतर वैशालीने पहाटेचं काम सोडलं. तन्वी आता बारा वर्षांची आहे. अजून येते. मी तिचं वजन दोनदा करते — लाज वाटते मला. आजीही येते सोबत, बाकावर बसते. औषधाची पिशवी पुढे केली तर हात मागे घेते. म्हणते, माझ्याकडे नको, माझ्याच्यान चुकता.

तिच्याकडून काही चुकलं नव्हतं. तिने रेघेपर्यंतच भरलं होतं. रेघ माझी होती.