वाटलेला कडुलिंब

१९९४ साली पालममध्ये माझ्या बहिणीने, मथुरेने, बाळाला अंगावर पाजले नाही. तिला एचआयव्हीची लागण होती, म्हणून डॉक्टरांनी मनाई केली होती. हे सासरी कुणालाच माहीत नव्हते, फक्त मला होते. आज पाडव्याचा कडुलिंब वाटताना त्या वासाने तिच्या बाळाची पाचवी आठवली.

सासूने बाळ तिच्या मांडीवर ठेवले.

"चोळी भिजायलीय अन् लेकराला शेळीचं दूध? पाज की गं!"

मी दारात आत-बाहेर करत होतो. मथुरेने पदर ओढला. ओठ लागण्याआधीच बाळ मान फिरवून किंचाळले. तिने सकाळीच कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावला होता.

"आगं बया, तोंडच लावंना ह्ये!" सासू वाटी-चमचा आणायला उठली.

दीड वर्षाने बाळाचे रक्त तपासले. लागण नव्हती. सासू अजूनही सांगते, पोरानं आईचं दूध घेतलंच न्हाई.