बरणीवरचा नववा

माझ्या मित्राचा खंडाळ्याचा बंगला सांभाळणारे आबा जुनी चिनी बरणी पुसण्याआधी खाली गोधडी अंथरतात आणि फडक्याऐवजी दाढीचा मऊ ब्रश घेतात. बरणीवर रंगवलेल्या चिनी सिद्धपुरुषांच्या दंतकथा त्यांना मित्राच्या आईने सांगितल्या. "तोंडं समद्यांची सारखीच, साहेब. हातात काय हाय ते बघायचं," म्हणत ते कुबडी, कमळ, बासरी दाखवतात.

मित्र परदेशात असल्याने यंदा सामानाची यादी मी तपासली. यादीत 'आठ सिद्धांची बरणी' होती. मी तीनदा मोजले, बरणीवरची माणसे नऊ भरली. बरणी बदललेली असेल, तर किल्ली एकट्या आबांकडेच होती.

"आबा, हे नऊ कसे?"

त्यांनी आधी गोधडी अंथरली, मग बरणी सावकाश फिरवून मोठ्या कपाळाचा, हातात फळ घेतलेला म्हातारा दाखवला.

"ह्यो दीर्घायुष्याचा देव. वाढदिवस ह्याचा, बाकी आठ पावणे. नवरदेवाला वऱ्हाडात मोजत्यात व्हय?"

मी सुटकेचा निःश्वास टाकून यादीवर खूण केली. आबा माझ्याकडे बघत होते.

"माज्यावर संशय आलता न्हवं?"

"दोन मिनिटं आला होता, आबा."

"दोनच? मंग बसा, चा टाकतो."