सात घरांतली कादंबरी

जर्सी सिटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली, एक बंगाली कादंबरीकार राहतात. मी त्यांना मावशी म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, डावा पाय लंगडा. तो तिकडे बंगालमध्ये, कोठडीत पोलिसांनी मोडला. बंद पडलेल्या चहामळ्यांतल्या मजुरांसाठी मोर्चे काढायचे, तुरुंगात जायचं, सुटून आलं की त्याच मजुरांवर कादंबरी लिहायची, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. म्हातारपणी लेकीकडे आल्या आणि इथेच अडकल्या.

मी त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. मला बंगाली येत नाही. आमची ओळख बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये झाली आणि माझ्या आमटीवर वाढली. "आमटीत गूळ घालता तुम्ही, आणि गोडखाऊ म्हणून नाव मात्र आमचं," असं दर रविवारी म्हणत त्या दोन वाट्या संपवायच्या. आम्ही बोलायचो हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत.

त्यांची लिहायची एक रीत होती. तिकडे घरावर छापे पडायचे आणि लिहिलेलं सगळं पोलीस घेऊन जायचे. म्हणून त्यांनी एकेक प्रकरण एकेका घरात ठेवायला सुरुवात केली. कुणाकडे काय आहे हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, प्रत काढायची नाही. एका घरावर छापा पडला तर एकच प्रकरण जाईल. अमेरिकेत येऊनही ती सवय सुटली नाही. शेवटची कादंबरी त्यांनी इथे पेन्सिलीने लिहिली, आणि तिची सात प्रकरणं सात घरांत गेली. सातवं माझ्याकडे आलं. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं पुडकं होतं.

"मावशी, इथे कोण छापा घालणार?" मी हसून विचारलं.

"हसतेस ना, म्हणून तर तुला देतेय. हसणाऱ्या घरात कुणी शोधत नाही."

मी ते कपाटात दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्याखाली ठेवलं आणि विसरून गेले.

गेल्या वर्षी वडील आजारी पडले. नाशिकला जायचं, तर परत येण्याआधी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून घेणं आलं. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही इतकी वर्षं उभे आहोत की मुलीला ती रांग आमचं आडनाव वाटत असेल. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवीन बातमी. कुणाला विमानतळावर अडवलं, कुणाचा फोन तपासला. माझी पाचावर धारण बसली. आधी फोनमधले मावशींचे फोटो डिलीट केले. मग नवऱ्याला पुडकं आठवलं.

"यार, एका पोलिटिकल बाईचं मॅन्युस्क्रिप्ट आपल्या घरात आहे. आत काय लिहिलंय तुला माहीत नाही. कुणी विचारलं तर काय सांगशील?"

माझं कपाट कोण उघडणार होतं? कुणीही नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पुडकं दोन मजले खाली जाऊन परत करता आलं असतं. पण मी घाबरले हे त्या बाईला सांगायची मला लाज वाटली. त्यांचा पाय मोडला तरी त्या घाबरल्या नव्हत्या. मी पुडकं ऑफिसच्या बॅगेत घातलं, ट्रेनने मॅनहॅटनला नेलं आणि सगळे लंचला गेल्यावर कागद कातरणाऱ्या श्रेडरमध्ये घातलं. मशीन एका वेळी सहाच पानं घेत होतं. मी शांतपणे सहा-सहा पानं मोजून घालत राहिले. साडीचा तुकडा तेवढा परत आणला, का ते माहीत नाही.

स्टॅम्पिंगच्या खिडकीत मला दोन प्रश्न विचारले. कंपनी कोणती आणि काम काय. दोन मिनिटांत काम झालं.

परत आले तेव्हा मावशींची स्मृती फारच घसरली होती. एका रविवारी लेक त्यांना हाताला धरून वर घेऊन आली. "कोलकात्याचे प्रकाशक कादंबरी मागताहेत. आईला फक्त तुमचंच घर आठवतंय," ती म्हणाली.

"बाकीची सहा घरं?"

"तुझ्याच पुडक्यात आहेत," मावशी म्हणाल्या. "तेव्हाच विसरायला लागले होते ना, म्हणून शेवटच्या पानावर सगळे पत्ते लिहिले. कुणी टेक्ससला गेलं, कुणी मिनेसोटाला. ते पान काढ."

मी सांगितलं. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, मावशी शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"पोलिसांनी निदान वाचून फाडलं होतं," त्या म्हणाल्या.

मी आमच्या ओळखीत फोन फिरवले. टेक्ससमध्ये अर्विंगला, मिनेसोटात ईडन प्रेरीला, जिथे जिथे कुणी बदलून गेलं होतं तिथे. एक काका म्हणाले, अगं हो, एका म्हाताऱ्या बाईंनी काहीतरी दिलं होतं खरं, शिफ्टिंगच्या वेळी गेलं असेल. बाकीची घरं सापडलीच नाहीत. पुन्हा लिहायला मावशींच्या हातात पेन्सिल ठरत नाही, आणि काय लिहिलं होतं तेही आता त्यांना सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी त्या आल्या. आमटी वाढली. गुळावरून मला नेहमीसारखं चिडवून झालं. मग कपाटाकडे बघत हळूच म्हणाल्या, "माझं पुडकं नीट आहे ना?"

लेक खाली मान घालून बसली होती. दुसऱ्यांदा सांगायचं धाडस मला झालं नाही.

आता दर रविवारी त्या हेच विचारतात. मी उठते, कपाट उघडते आणि खोक्याखालचा साडीचा तो रिकामा तुकडा लांबूनच दाखवते.

"नीट आहे, मावशी."

"तुझ्याकडे आहे म्हणून मला काळजी नाही," त्या म्हणतात आणि आमटीची दुसरी वाटी मागतात.