औषध पाजलेल्या म्हशीचं दूध

मुलगी तीन महिन्यांची असताना बायकोला ताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं. लालबागच्या चाळीत आम्ही नवखे. विचारायला आई नाही, सासू नाही; दोघीही तिकडे कोकणात. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, "वरचं दूध पाजा, पण एकाच म्हशीचं. रोज बदललं तर पोट बिघडेल." मी दुसऱ्या पुस्तकातच शाळा सोडलेला माणूस. जाणत्याने सांगितलेलं मोडायची मला फार भीती. तेवढंच घट्ट धरून बसलो.

परळच्या गोठ्यातली गवळण माझ्यासमोर एका पांढऱ्या कपाळाच्या म्हशीचं दूध काढून द्यायची. मी तिच्या हातांवर नजर ठेवून उभा. पाण्याचा थेंब पडायला नको. ती हसायची, "दादा, नवरीकडेसुद्धा एवढं बघितलं नसशील!"

एका सकाळी ती म्हणाली, "आज दुसरीचं ने. हिच्या कासेला सूज आलीय, वैदूने औषध पाजलंय. जनावराच्या पोटात गेलेलं दुधात उतरतं. आठ दिवस हिचं बाळाला नको."

मुंबईत फसवतात, एवढंच माझ्या मनात. "मावशी, गिरगावच्या बड्या गिऱ्हाइकाला लावलंत ना हिचं दूध?"

तिने पांढऱ्या कपाळीची दुधाने भरलेली चरवी उचलली आणि माझ्यादेखत उकिरड्यावर ओतली. फेसासकट. ते पाहूनही मी म्हटलं, "मला एकाच म्हशीचं सांगितलंय," आणि रिकामा तांब्या घेऊन घरी आलो.

पोर भुकेने रडून लाल झाली होती. बायकोने सगळं ऐकलं. हळूच म्हणाली, "मी तापात मात्रा घेतली, तेव्हा पोरीला अंगावर घेऊ नको म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? मग म्हशीचं काय निराळं?"

माझ्या गिरणीचा भोंगा झाला. मी तांब्या उचलून पुन्हा गोठ्याकडे निघणार, तोच जिन्यावर धापा टाकत गवळण आली. पदराखाली झाकलेली लोटी.

"बाप रुसला म्हणून लेकीनं उपाशी राहायचं होय रे?"

मी नुसते हात जोडले. "ते राहू दे, चूल पेटव," ती म्हणाली.

दूध उकळलं, निवलं. बायकोने दूध पाजायच्या बोंडल्याची चोच पोरीच्या ओठांना लावली. पोरीने पहिला घोट थुंकला. गवळण तिची हनुवटी पुसत म्हणाली, "घाई नको. तिला ओळख पटू दे."

दुसरा घोट आत गेला. मग तिसरा. खाली गिरणीला निघालेल्यांची पावलं विरत गेली. माझा खाडा होणार होता, पण हलवेना. बोंडलं रिकामं झाल्यावर बायकोने पोरीला खांद्यावर घेतलं आणि ढेकर येईपर्यंत आम्ही तिघं तिच्या एवढ्याशा पाठीकडे बघत बसलो.