टोचणारी कॅसेट

कवळीवाल्यानं आजवर एकेचाळीस जणांना ती गाणी भरून दिली आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस जण तिसऱ्या गाण्याला खाली उतरले. त्यातला एक मी. भेटला की मी म्हणायचो, "ऐकतोय, ऐकतोय, भारी आहे." एकदा त्यानं सरळ विचारलं, "सातव्या गाण्यात शेवटी घंटा किती वेळा वाजते?" माझं थोबाड बघून तो पाठ फिरवून चालू लागला. तेव्हापासून मी त्याला टाळायला बघतो. पण माझे खालचे दात त्यानंच केलेले. टाळून टाळणार किती?

त्याचं काम दाताच्या दवाखान्यांना कवळ्या करून देण्याचं. कारखाना म्हणायचा, पण जागा तीन खोल्यांची आणि माणसं चार. पहिल्या खोलीत तोंडाचे ठसे येतात. दुसरीत प्लास्टर ओतायचं आणि मेणात दात बसवायचे. तिसरीत घासणी. घासणीचं चाक फिरायला लागलं की कानात कुणीतरी दाभण घालतंय असं वाटतं आणि पांढरी भुकटी भुवयांवर बसते. एकतीस वर्षं तो त्या चाकापुढं बसला. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं त्याला सांगितलं होतं, "नवी कवळी पहिल्या दिवशी टोचायला पाहिजे. अजिबात टोचली नाही तर समज, सैल आहे. आज हसत घालतील आणि चार दिवसांनी वाटीत काढून ठेवतील."

आता ती कॅसेट. तो तेवीस वर्षांचा असताना गाण्याचं एक दुकान बंद होत होतं. दारात टोपली भरून कॅसेटा ठेवलेल्या. एकीवर काळ्या कागदावर उंच टोकदार कमान छापलेली. त्याला वाटलं, देवाधर्माचं काहीतरी असणार, आईला होईल. घरी आणून लावली. आईनं चार मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "कुणाला मारतायत रे?"

ती निघाली गॉथिक रॉकची ओळख करून देणारी कॅसेट. सोळा बँड, प्रत्येकाचं एकेक गाणं. पुढं पुढं चालणारा जाड बास, घड्याळासारखा कोरडा ढोल, विहिरीच्या तळातून यावा तसा गाणाऱ्याचा आवाज आणि या सगळ्याच्या वर काचेवर नख ओढल्यासारखी बारीक गिटार. आईनं दार लावून घेतलं. याचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं ते उडालंच.

त्या काळी पुढं काही मिळायची सोय नव्हती. सोळा बँडची सोळा गाणी, बस्स. मग त्यानं धंद्यातली युक्ती वापरली. तोंडात एकच खरा दात शिल्लक असला, तर त्याचा रंग, उंची, झीज बघून बाकीचे जुळवायचे असतात. तसंच यानं एकेका गाण्यावरून अख्खा बँड मनात बसवला. कोण किती उदास, कोण कुणाचा धाकटा भाऊ शोभेल, सगळं. पंधरा वर्षांनी फोनवर त्यांचे पूर्ण अल्बम सापडले, तेव्हा गड्याचं डोकंच फिरलं. विहिरीतून गाणारा माणूस बाकीच्या गाण्यांत वरातीत नाचल्यासारखा! निवडणाऱ्यानं नेमका वेगळाच दात उचललेला. आणि एक गाणं संपलं की याच्या डोक्यात कॅसेटमधलं पुढचं सुरू व्हायचं. अल्बमवर तिथं भलतंच यायचं आणि हा चिडून बंद करायचा. त्या न पाहिलेल्या निवडणाऱ्याला त्यानं वर्षभर शिव्या घातल्या.

मग ठरवलं, नीट ओळख आपणच करून द्यायची. म्हणून ते एकेचाळीस प्रयोग. दर वेळी गाणी बदलायची, क्रम बदलायचा, घंटेचं सातवं तेवढं जागेवर ठेवायचं. तिसऱ्या जागेवर नवख्यासाठी एक गोड गाणं ठेवायची त्याची रीत. लोक तेवढं गोड चाटून पसार व्हायचे. कारखान्यातली पॉलिशवाली बाई तर रोज सकाळी ती गाणी कानावर पडली की विचारायची, "आज कोण गेलं म्हणायचं?" बायकोचा प्रश्नच नव्हता. तिनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "तुम्ही ऐका, मी नांदते."

यात घाई कधी आली, तर गेल्या वर्षी. कानाच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, चाकापुढं बसून बसून बारीक आवाज जायला लागलेत. जाड आवाज राहतील, बारीक जातील, गेलेले येणार नाहीत. हा घरी आला, कॅसेट लावली. बास होता, ढोल होता. काचेवरचं नख मात्र कुठं होतं, कुठं नव्हतं. एकतीस वर्षांत त्या गाण्यांबद्दल कुणी त्याच्याशी दोन धड वाक्यं बोललं नव्हतं आणि आता गाणीच त्याला सोडून चाललेली. मी गेलो तेव्हा म्हणाला, "मी बहिरा व्हायच्या आत एकानं तरी शेवटपर्यंत ऐकायला पाहिजे. एकानं!" त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, एवढी मेहरबानी.

अशात त्याची भाची आपण होऊन म्हणाली, "मामा, तुझी ती भुताची गाणी दे ना. बसमध्ये दीड तास जायला, दीड तास यायला, कान रिकामेच असतात." भाची फरशांच्या कारखान्यात माल तपासायला आहे. फरशी ठोकून आवाज ऐकते आणि केसाएवढी चीर असली तरी बाजूला काढते. असा कान आपण होऊन चालून आलेला. कवळीवाल्याला घामच फुटला.

तीन आठवडे तो संगणकापुढं बसला. या वेळी त्यानं नुसता क्रम लावला नाही, गाणीच घासायला घेतली. पहिल्या गाण्यात चार मिनिटं कुणी तोंड उघडत नाही. ती अर्ध्या मिनिटावर आणली. एकात गिटार किंचाळते. ती किंकाळी उडवली. सातव्यातली घंटा अकरा वेळा वाजते, पोरगी कंटाळेल म्हणून तीन ठेवल्या.

बायको म्हणाली, "अहो, त्या पोरीला गाणी द्यायचीत की तिचं ऑपरेशन करायचंय?"

"तुला नाही कळायचं. कड राहिली की टोचतं."

"मग टोचू दे की. तिचं काही दात येण्याचं वय नाही आता."

त्यानं ऐकलं नाही. बायकोचं तरी कशाला, म्हाताऱ्या कारागिराचंही तो विसरला.

रविवारी बहीण आणि भाची आल्या. भाची चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, ऐकलं. सगळं. शेवटपर्यंत."

कवळीवाला हातातला कप घेऊन उभाच राहिला. "सातव्यात घंटा किती वेळा?"

"तीन."

कप खाली ठेवला. बेचाळिसावं माणूस, आणि बरोबर उत्तर! "मग? कसं वाटलं?"

"छान होतं. हलकं. काम करताना मागं लावायला बरं आहे. मी समजत होते काहीतरी भयंकर असेल, पण काहीच टोचलं नाही."

"परत लावलंस?"

"परत कशाला? झालं की ऐकून."

बहीण म्हणाली, "बघ, तुझंही कुणीतरी ऐकलं एकदाचं. आता तरी तोंड सरळ कर." तोंड सरळ झालं नाही. 

सोमवारी कारखान्यात गेला तर मालक दारातच. हातात एका म्हातारीची कवळी. ती बोलायला लागली की कवळी घसरून मांडीवर पडते, अशी दवाखान्याची चिठ्ठी. "एकतीस वर्षांत तुझं काम परत आलं नाही," मालक म्हणाला. "डोकं कुठं होतं तुझं?" डोकं कुठं होतं ते त्याला चांगलंच ठाऊक. त्या तीन आठवड्यांत त्याचा हात घासत सुटला होता. म्हातारीला टोचेल म्हणून कड काढली, मग अजून काढली.

पॉलिशवालीनं विचारलं, "आता कड भरून देणार?"

"घासलेलं परत चिकटत नाही. ठशापासून सुरुवात."

हे तो बोलला आणि हातातली कवळी खाली ठेवून भिंतीकडं बघत बसला. बाईला वाटलं, आता खरंच कुणीतरी गेलं.

संध्याकाळी तो बहिणीच्या घरी गेला. पिशवीत ती मूळ कॅसेट आणि ती वाजवायचा जुना खटारा. भाचीपुढं ठेवून म्हणाला, "मी दिलेलं पुसून टाक. ते सैल होतं. हे ऐक. यात पुढं ढकलायचं बटण मोडलंय, त्यामुळं पळता येणार नाही."

"मामा, एवढं धूड मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसू?"

"बस."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोन. भाचीच, आणि मागं बसचा खडखडाट. "मामा, चार मिनिटं झाली, कुणी तोंडच उघडत नाही! नुसतं धडधड. शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली."

कवळीवाल्यानं चाक बंद केलं. एकतीस वर्षं पेशंटला विचारायचा तोच प्रश्न विचारला. "कुठं टोचतंय?"

"सगळीकडं!"

"काढू नकोस," म्हणाला आणि फोन ठेवला.

मग आठवडाभर काही नाही. त्या आठवड्यात त्याच्या वाटेला जायची सोय नव्हती. बायकोवर खेकसला, पॉलिशवालीवर खेकसला, मी दात दाखवायला गेलो तर माझ्यावरही. म्हातारीची नवी कवळी मात्र झाली. पहिल्या दिवशी टोचली आणि म्हातारीनं दवाखाना डोक्यावर घेतला, तेव्हा एकदाच त्याच्या भुवयांवरची भुकटी हलली.

आठव्या दिवशी भाची स्वतःच कारखान्यात आली, खटारा काखेत मारून. तिच्या मागोमाग मीही आत शिरलो, म्हणून हे मला ठाऊक. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मामा, तू मला फसवलंस. सातव्यात घंटा अकरा आहेत! बाकीच्या आठ कुठं घातल्यास? आणि ती किंकाळी का खाल्लीस? त्यासाठी तर मी ते गाणं तीनदा उलटं फिरवलं."

कवळीवाला म्हणाला, "अकरा? नीट मोजल्यास?"

"माल तपासते मी, मामा. अकरा. शेवटच्या दोन अगदी बारीक आहेत."

"मला हल्ली नऊच येतात."

भाचीनं खटारा टेबलावर आपटला, प्लास्टरची भुकटी उडाली. "मग शेजारी बसून मोजते मी. आधी ते चाक बंद कर. आणि तो एक विहिरीतून गातो ना, त्याचं बाकीचं काय आहे, ते आण."

"ते वाईट आहे. वरातीसारखं."

"ते माझं मी ठरवीन," भाची म्हणाली, आणि खटाऱ्याचं बटण दाबलं.