आमच्या साडूंची सहभागी खानावळ

गिऱ्हाइकाला जेवायला बसवून त्यालाच राबवणारा, आणि वर त्याच्याकडून आभाराची अपेक्षा ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच असेल, आणि ते नेमके आमचे साडू निघावेत! एसटी स्टँडामागे त्यांची खानावळ आहे. रांधते माझी मेहुणी. साडू गल्ल्यावर बसून विचार करतात. मुंबईला कुठल्याशा व्यवसाय शिबिराला जाऊन आले आणि त्या विचारांना धार चढली. "सेवा मालक देत नसतो हो, मालक आणि ग्राहक मिळून ती घडवतात," हे वाक्य त्यांनी गळ्यातल्या ओळखपत्रासकट घरी आणलं. ओळखपत्र पुढे महिनाभर उतरलं नाही. दुसऱ्याच दिवशी टेबलाशेजारी खवणी आली. माशाची थाळी हवी असेल त्याने आधी नारळ खवायचा. सोलकढी ज्याची त्याने पिळायची. पुण्याच्या एका गृहस्थांनी "भात कच्चा आहे" अशी तक्रार केली, तर साडू हात जोडून म्हणाले, "आपण दोघांनी मिळून कच्चा ठेवला." गृहस्थांनी तिथल्या तिथे फोनवर खानावळीला एकच तारा दिला. "बघा, सहभाग वाढतोय!" साडू म्हणाले. बायकोच्या सहभागाबद्दल शिबिरात काही शिकवलं नसावं. तिला कुणी विचारलंच नाही.

एका गिऱ्हाइकापाशी मात्र वेगळंच झालं. मूळचे पालीचे एक निवृत्त मास्तर, बायको गेल्यापासून रोज दुपारी इथे यायचे आणि ताटाकडे न बघता जेवून जायचे. साडूंनी त्यांनाही सोडलं नाही. "मास्तर, तुमचा सहभाग काय?"

मास्तरांनी पहिल्यांदाच ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमची ही कुळथाची पिठी करायची. तशी कुठे मिळत नाही."

साडूंनी त्यांना हाताला धरून थेट शेगडीपाशी नेलं. मेहुणीने पदर खोचला. मास्तर सांगत गेले, ती करत गेली. "लसूण कमी झाली," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिठी पातळ झाली, मग कोकम जास्त पडलं. एरवी मीठ मागणाऱ्यावर डोळे वटारणारी मेहुणी मुकाट्याने रोज नव्याने ढवळायला घेई.

एके दिवशी पहिल्या घासालाच मास्तरांचा हात थांबला. डोळे भरून आले. "जमली ना?" साडूंनी पुढे होऊन विचारलं.

मास्तरांनी वाटी बोटाने पुसून संपवली.

"नाही अजून," ते म्हणाले. "उद्या परत करून बघू या."

मेहुणीने नुसती मान डोलावली. आणि साडूंनी, शिबिरातलं एक अक्षरही न काढता, तांब्या उचलून मास्तरांच्या हातावर पाणी घातलं.