न बोललेला नवस

आजवर मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. मानेवर गाठ आली, त्याच्या कितीतरी आधीपासून मला ठाऊक होतं की माझ्या रक्तात एचआयव्ही आहे.

तेव्हा मी रांजणगावच्या एका कंपनीचा टेम्पो चालवायचो आणि कारेगावात खोली करून राहायचो. बायको वडगाव रासाईला, शेतावर. एकटेपणाचं निमित्त करून मी जिथं जायला नको तिथं गेलो. त्याला दुसरं गोड नाव देत नाही. पुढं कंपनीत रक्तदानाचं शिबिर झालं. सगळ्यांबरोबर मीही रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून मला एकट्यालाच बोलावणं आलं. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं, बायकोलाही तपासायला आणा म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि परत तिकडं फिरकलोच नाही.

बायकोपासून लांब राहणं भाग होतं आणि कारण सांगायची छाती नव्हती. म्हणून घरी गेल्यावर म्हणालो, भुलेश्वराला नवस बोललोय, फिटेपर्यंत वेगळा झोपणार. कशाचा नवस, हे तिनं विचारलं नाही. आमच्यात तसं विचारत नाहीत. उघड केलेला नवस फळत नाही म्हणतात. तिनं माझं अंथरूण ओसरीवर घातलं आणि स्वतःही सोमवार धरले. खोटं माझं, आणि त्यापायी उपाशी ती.

मग ताप सुरू झाला, अंग झडलं, मानेवर गाठ आली. शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, आधीचा काही आजार? मी नाही म्हणालो. त्यांनी टीबीची औषधं दिली. गाठ वाढतच राहिली. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. आता घरात ऊस आहे, मेंढरू एक नाही, पण मेंढरांचे उपाय घरात टिकून आहेत. चुलते आबा म्हणाले, "मेंढराच्या गाठीला डाग देतू तवा बसती का न्हाई? मंग माणूस काय येगळा हाय व्हय?" त्यांनी तापल्या सळईनं मानेला डाग दिला. मी तो मुकाट घेतला. खरं बोलण्यापेक्षा चटका सोपा वाटला.

श्रावणात बायको म्हणाली, आता देवाच्याच पायावर डोकं ठेवून या. म्हैस व्यायला आली होती, म्हणून ती थांबली. मी कसाबसा यवतला पोचलो आणि भुलेश्वराला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर पिकल्या दाढीचा मुसलमान गृहस्थ होता. गाडी भरेपर्यंत आरशातून माझ्याकडं बघत होता.

"पाव्हणं, मानंला काय केलंय?"

"टीबीची गाठ हाय. डाग दिलाय."

"म्हंजी मेंढरागत? मंग कानाला बी खूण केली आसंल की!"

गाडीतले हसले, मीही हसलो. पण तो खाली उतरून माझ्यापाशी आला, कपाळाला हात लावला आणि आवाज खाली घेतला. "माझा थोरला भाऊ ट्रकवर होता. त्याच्या गाठीला बी समदी टीबीच म्हणायची. रगतातलं त्याला ठावं होतं, पर डाक्टरफुडं तोंड उघडलं न्हाई. गेला. तुम्ही समदं सांगितलंय न्हवं?"

मी शर्टाची कॉलर गाठीवर ओढली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. "देव डोंगरावरनं कुठं जात न्हाई. उतरा."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मामू, गाडी कवा सुटायची?" "तुमाला काय मुहूर्त गाठायचाय? बसा की वाईच!" म्हणत त्यानं मला दंडाला धरून पुण्याच्या एसटीत बसवलं आणि मोठ्या सरकारी दवाखान्यापाशी उतरवायला कंडक्टरला बजावलं. पुढं त्याला भेटायला मी यवतला गेलो, पण तो सापडला नाही. नावही विचारायचं राहून गेलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना मी पहिल्यांदाच म्हणालो, "माझी एचआयव्हीची तपासणी करा." गाठीचा तुकडाही तपासला. टीबी नव्हता, लिम्फोमा होता, गाठींचा कॅन्सर. मॅडम म्हणाल्या, "किमो देऊ, सोबत एचआयव्हीच्या गोळ्याही. रक्तात विषाणू किती आहे ते जमेल तसं मोजू. तो दबला तर शरीर किमोला साथ देतं. वचन मात्र मी देत नाही."

बायको आली. आजार सांगितला, तो कसा लागला तेही सांगितलं. पण कळलं कधी, तिथं मी म्हणालो, "आत्ताच." ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसली. मग तिची तपासणी झाली. तिच्यात काहीही नव्हतं. मी ढसाढसा रडलो. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "तुमच्या नवसानं राखलं मला. देवानंच तुम्हाला बुद्धी दिली."

किमोनं केस गेले, तोंड फोडांनी भरलं. गाठ मात्र विरत गेली. रक्तातला विषाणू मोजायची सोय तेव्हा सगळीकडं नव्हती. मॅडमनी खटपट करून ती तपासणी करवून घेतली. कागद बघून त्या प्रथमच हसल्या. "मोजण्याइतकाही सापडत नाही. गोळी मात्र चुकवायची नाही." बाहेर येऊन मी पोटभर जेवलो. कित्येक महिन्यांनी अन्नाला चव लागली होती.

बरा झाल्यावर बायको मला भुलेश्वराला घेऊन गेली, नवस फेडायला. अंधाऱ्या गाभाऱ्यात मला देवाकडं काही मागता आलं नाही. माझ्या खोट्याच्या आडोशानं त्यानं तिला राखलं होतं. कसं, का, हे मला कळत नाही, आणि आता मी ते कोडं सोडवायलाही बसत नाही. माझ्या शहाणपणानं काहीच वाचलं नाही, एवढं कळतं. डोकं टेकवलं आणि तसाच राहिलो. शेजारी ती माझ्या नावानं पेढे ठेवत होती.

ती आजही सोमवार करते. नवस मी कधी बोललोच नव्हतो आणि मला सगळं आधीच ठाऊक होतं, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.